वाफेची उष्णता पुन्हा पुन्हा वापरायला शिकवणारा नॉर्बर्ट रिलियू

ईदच्या आदल्या रात्री शीरखुर्म्यासाठी दूध आटवायला ठेवलं की घरातल्या कुणाला तरी बराच वेळ शेगडीपाशी उभं राहावं लागतं. चार लिटरचं दोन लिटर करायचं असतं. गॅस चालू, पळी फिरतेय आणि खिडकीतून वाफ बाहेर जातेय. त्या वाफेबरोबर सिलिंडरमधला गॅसही बाहेर चाललाय, हे आपल्या डोक्यात सहसा येत नाही. पण हिशोब तसाच आहे. चार लिटर दूध उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या तिप्पट-साडेतिप्पट उष्णता पुढे त्यातलं दोन लिटर पाणी उडवायला लागते. ती सगळी वाफेत जाते आणि वाफ खिडकीतून.

घरात वर्षातून दोनदा हे होतं, त्यामुळे चालून जातं. पण रोज हजारो टन उसाचा रस आटवायचा असेल तर? हा प्रश्न सोडवणाऱ्या माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव नॉर्बर्ट रिलियू. साखर कारखान्यातल्या इंजिनिअरांना हे नाव माहीत असतं, बाकीच्यांना क्वचितच. तो अशा देशात जन्मला जिथे त्याच्या आईच्या समाजातले बहुतेक लोक बाजारात विकले जात होते. त्याच देशाच्या साखर धंद्याला त्याने श्रीमंत केलं आणि शेवटी तो देश सोडून गेला.

न्यू ऑर्लिन्सचं घर

रिलियूचा जन्म मार्च १८०६ मध्ये न्यू ऑर्लिन्सला झाला. लुईझियाना हा प्रांत फ्रान्सने अमेरिकेला विकून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. शहरात बोलणं फ्रेंच, चालीरीती फ्रेंच, कायदा मात्र हळूहळू अमेरिकन होत चाललेला. वडील व्हिन्सेंट रिलियू गोरे, पैसेवाले, स्वतः यंत्रांच्या नादाचे. कापसाचे गठ्ठे दाबणारं वाफेवर चालणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. आई कॉन्स्टन्स व्हिव्हान्ट मिश्रवंशीय होती, पण गुलाम नव्हती. गोऱ्या पुरुषाने अशा बाईशी लग्न करायला तिथल्या कायद्याची परवानगी नव्हती. त्यामुळे दोघांचा संसार होता, मुलं होती, पण निकाहनामा म्हणावा असा कागद नव्हता.

वडिलांनी मुलाला आपलं नाव दिलं. शहरातल्या सेंट लुई कॅथेड्रलमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. सगळेच गोरे बाप एवढं करत नव्हते.

न्यू ऑर्लिन्समध्ये असे स्वतंत्र मिश्रवंशीय लोक हजारोंच्या संख्येने होते. शिंपी, गवंडी, सुतार, व्यापारी, काही जण चांगले जमीनदार. फ्रेंच बोलणारे, शिकलेले, आपल्या घराण्याचा अभिमान बाळगणारे. पण मतदानाचा हक्क नाही, आणि गोऱ्यांच्या बरोबरीने बसायची सोय नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. यातल्या काही जणांच्या मालकीचे स्वतःचे गुलाम होते. सरळ दोन रंगांत वाटता येईल असा तो समाज नव्हता.

जाता जाता एक गोष्ट. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार एदगार देगा याची आई रिलियूच्या आत्याची मुलगी. म्हणजे देगा नात्याने त्याचा भाचा लागतो. १८७२ मध्ये देगा आपल्या आजोळच्या मंडळींना भेटायला न्यू ऑर्लिन्सला आला होता. तिथल्या कापसाच्या कचेरीचं त्याने काढलेलं चित्र आज जगभर माहीत आहे. पण तोपर्यंत रिलियू ते शहर सोडून पॅरिसला गेला होता.

पाच कढया आणि रात्रपाळी

रिलियू लहान होता तेव्हा लुईझियानात साखरेचा धंदा नुकता उभा राहत होता. त्याआधी फ्रेंच साखरेचं मोठं केंद्र म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं सँ-दोमिंग बेट. तिथे १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती नावाचा स्वतंत्र देश उभा केला. तिथले बरेच मळेवाले आणि साखरेचे कारागीर पळून लुईझियानात आले. मिसिसिपी नदीच्या दोन्ही काठांवर उसाचे मळे पसरले आणि त्यांच्याबरोबर गुलामांचा बाजारही वाढला.

या गुलामांचे पूर्वज आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून आणलेले होते. फ्रेंच राजवटीत लुईझियानात आणलेल्यांपैकी मोठा हिस्सा सेनेगाल आणि गांबिया नद्यांच्या प्रदेशातला होता. त्या प्रदेशात तेव्हा इस्लाम रुजलेला होता. त्यामुळे जहाजांच्या तळात साखळदंडात आलेल्यांत कुरआन पढलेली माणसंही होती. पुढच्या पिढ्यांची नावं बदलली, भाषा बदलली, धर्मही बदलला.

ऊस गाळून निघालेला रस आटवण्याच्या पद्धतीला जमैका ट्रेन म्हणत. इथे आगगाडीचा काही संबंध नाही. एका लांब भट्टीवर ओळीने बसवलेल्या चार-पाच मोठ्या उघड्या लोखंडी कढया, एवढंच. पहिली सगळ्यात मोठी, शेवटची सगळ्यात लहान. भट्टीचं तोंड शेवटच्या कढईखाली, म्हणजे सगळ्यात दाट पाकाला सगळ्यात जास्त आच. गुलाम लांब दांड्याच्या पळ्यांनी उकळता रस एका कढईतून पुढच्या कढईत ओतत जायचे, वरची मळी काढत जायचे. शेवटच्या कढईत पाकाचा अंदाज घ्यायचा आणि नेमक्या क्षणी तो बाहेर काढायचा.

कोल्हापूरकडे ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला अडचण पडणार नाही. चुलवाणात चिपाडं लोटली जातायत, काहिलीत रस उकळतोय, मळी काढली जातेय आणि गुळव्या पाकावर नजर ठेवून उभा आहे. फरक असा की गुळव्याच्या हुनराला मजुरी आणि मान आहे. लुईझियानात तो माणूसच मालकाची वस्तू होता.

गळीत हंगाम तिथे थंडीआधी उरकावा लागे, कारण कडाक्याची थंडी पडली की ऊस खराब होतो. म्हणून रात्रंदिवस पाळ्या. झोपेने डोळे मिटत असताना उकळता पाक ओतायचा. पाक अंगावर पडला तर तो पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटून राहतो. भाजण्याचे आणि मरण्याचे प्रकार नेहमीचे होते.

एवढं करून हाती काय यायचं? बरीचशी साखर जळून तपकिरी झालेली आणि मळी जास्त. इंधन तर बेसुमार. उघड्या कढईत प्रत्येक कढईची वाफ वर उडून जायची आणि तिच्याबरोबर लाकडाची उष्णता. मळ्याच्या आसपासची जंगलं अशीच चुलीत गेली.

पॅरिसमध्ये वाफेचा अभ्यास

वडिलांनी मुलाची चुणूक ओळखली आणि त्याला शिकायला फ्रान्सला पाठवलं. त्या काळी मिश्रवंशीय मुलाला लुईझियानात उच्च शिक्षण मिळण्याची वाट नव्हती, पॅरिसमध्ये होती. तिथल्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंग संस्थेत वयाच्या चोविसाव्या वर्षी, १८३० मध्ये, रिलियू उपयोजित यंत्रशास्त्र शिकवायला लागला. संस्था स्थापन होऊन तेव्हा एकच वर्ष झालं होतं. वाफेच्या इंजिनांवर त्याने लेख लिहिले आणि ते युरोपात वाचले गेले.

त्याच्या डोक्यात जो विचार घोळत होता तो समजून घेतला पाहिजे, कारण त्याच्या आयुष्यातला खरा गाभा तोच आहे.

एक किलो पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७५ किलोकॅलरी उष्णता लागते. पण तेच एक किलो पाणी उकळीवरून पूर्ण वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. सातपट. या काळात थर्मामीटर जागचा हलत नाही, ही उष्णता वाफेत लपून बसते. तीच वाफ थंड पृष्ठभागाला लागून पुन्हा पाणी झाली की सगळीच्या सगळी उष्णता परत देते. इडलीच्या भांड्याची वाफ हाताला लागते तेव्हा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतं, ते याच कारणाने.

मग पहिल्या कढईतून निघालेली वाफ दुसऱ्या कढईखाली सोडली तर तिच्यातला रस उकळेल का? इथे गाडी अडते. पहिल्या कढईतली वाफ शंभर अंशांची आणि दुसऱ्या कढईतला रसही शंभर अंशांनाच उकळणार. उष्णता नेहमी जास्त गरमकडून कमी गरमकडे जाते. दोन्ही सारखे असतील तर ती हलणारच नाही.

उत्तर हवेच्या दाबात होतं. महाबळेश्वरला डाळ शिजायला वेळ लागतो, कारण उंचावर हवेचा दाब कमी आणि पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. प्रेशर कुकरमध्ये याच्या उलट होतं. भांडं बंद करून पंपाने आतली हवा काढली तर पाणी आणखी खालच्या तापमानाला उकळतं. दाब निम्मा केला तर ८१ अंशांच्या आसपास, पाचवा हिस्सा केला तर साठ अंशांना.

हवा काढलेल्या बंद भांड्यात पाक उकळण्याची युक्ती रिलियूची नाही. ती एडवर्ड हॉवर्ड या इंग्रजाने १८१२-१३ मध्येच काढली होती. त्याने साखर जळायची थांबली, पण वाफ वाया जायची ती जातच राहिली. रिलियूने पुढचं पाऊल टाकलं. बंद भांडी एकापुढे एक मांडायची आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवायचा. पहिल्यातल्या रसाची वाफ दुसऱ्याच्या नळ्यांत सोडायची. दुसऱ्यातला रस कमी तापमानाला उकळत असल्याने ती वाफ त्याला उकळवू शकते. दुसऱ्याची वाफ तिसऱ्याला. शेवटच्या भांड्याची वाफ थंड पाण्याने विरवायची आणि पंप चालू ठेवायचा. आग एकदाच लावायची, तिचं काम तीनदा घ्यायचं.

तीही आग वेगळी लावायची गरज नाही, हे त्याने ओळखलं. ऊस गाळणारं वाफेचं इंजिन जी वापरलेली वाफ बाहेर टाकतं, तीच पहिल्या भांड्याला पुरवता येते.

आकड्यात सांगायचं तर, शंभर किलो रसात विरघळलेला ऐवज पंधरा किलोच्या आसपास असतो. त्याचा साठ टक्के घट्ट पाक करायचा म्हणजे पंचवीस किलो पाक उरेल आणि पंचाहत्तर किलो पाणी उडवावं लागेल. एका भांड्यात हे करायचं तर निदान पंचाहत्तर किलो वाफ लागते. तीन भांडी असतील तर पंचवीस किलोपेक्षा थोडी जास्त.

हे वाचल्यावर वाटतं, मग दहा-वीस भांडी का नाही लावत? कारण पहिल्या आणि शेवटच्या भांड्यातला तापमानाचा फरक तेवढाच राहतो आणि तो सगळ्यांत वाटून द्यावा लागतो. वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी फरक, म्हणून नळ्या जास्त, तांबं-लोखंड जास्त, खर्च जास्त. कुठेतरी थांबावंच लागतं.

फ्रान्समधल्या यंत्रं बनवणाऱ्यांकडे तो ही कल्पना घेऊन फिरला. कुणी उत्सुकता दाखवली नाही.

दहा वर्षं हातात काही नाही

१८३० च्या दशकात एडमंड फॉर्स्टॉल नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या बड्या व्यापाऱ्याने त्याला बोलावून घेतलं. साखर शुद्ध करण्याचा नवा कारखाना उभारायचा होता आणि मुख्य इंजिनिअर म्हणून रिलियू हवा होता. रिलियू आला. पण कारखाना पुरा होण्याआधी फॉर्स्टॉल आणि रिलियू घराण्यात भांडण झालं. नॉर्बर्टने घरच्यांची बाजू घेतली आणि काम सोडलं. फॉर्स्टॉलने हा राग पुढे आयुष्यभर मनात ठेवला असं दिसतं.

मग दुसऱ्या मळ्यांवर प्रयोग झाले, ते फसले. कल्पना कागदावर पक्की होती, पण सांधे गळतात, पंप हवा ओढत नाही, हाताखालच्यांना यंत्र नवं. अशी दहा वर्षं गेली. माणूस कंटाळून पॅरिसच्या शिकवणीवर परत गेला असता तर कुणी दोष दिला नसता.

२६ ऑगस्ट १८४३ ला त्याला पहिलं अमेरिकन पेटंट मिळालं. त्याच वर्षी थिओडोर पॅकवुड आणि जुडा बेंजामिन या मळेवाल्यांनी यंत्र बसवायला होकार दिला. फिलाडेल्फियाच्या मेरिक अँड टाऊन कंपनीने ते घडवलं. १८४५ च्या सुमारास ते नीट चालू लागलं. १० डिसेंबर १८४६ ला सुधारलेल्या यंत्राचं दुसरं पेटंट मिळालं.

निकाल पाहून आजूबाजूचे मळेवाले थक्क झाले. साखर पांढरी, दाणेदार. मळी कमी. लाकडाचा खर्च एकदम खाली, बरंचसं काम चिपाडावरच भागायला लागलं. आणि पळ्या घेऊन कढयांभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांच्या जागी दोन-चार जण झडपा फिरवताना दिसू लागले. काही वर्षांतच लुईझियानातल्या तेरा कारखान्यांत रिलियूचं यंत्र होतं. पुढे क्युबातही ते गेलं.

जुडा बेंजामिनने या यंत्राची लेख लिहून मोठी तरफदारी केली. हा हुशार वकील पुढे सिनेटर झाला. नंतर गुलामी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सरकारात तो मंत्री झाला. रिलियूच्या गुणांची कदर करणारा पहिला वजनदार माणूस हा असा.

यंत्रं बसवायला, दुरुस्त करायला रिलियू मळ्यामळ्यांवर जायचा. साखरेच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पण रात्री मुक्काम कुठे करायचा? मालकाच्या घरात, मालकाच्या टेबलाशी मिश्रवंशीय माणसाने जेवणं त्या समाजाला चालणारं नव्हतं आणि गुलामांच्या झोपड्यांत त्याला पाठवणंही बरं दिसत नव्हतं. मग काही ठिकाणी त्याच्यासाठी वेगळं घर दिलं जायचं आणि सेवेला गुलाम. त्या घरात संध्याकाळी एकटा बसलेला रिलियू आपल्या सेवेतल्या माणसाकडे पाहून काय विचार करत असेल, याची नोंद कुठे नाही.

त्याच्या यंत्राने गुलामांचं भलं झालं का? कढईजवळचं भाजणं कमी झालं, हे खरं. काही जणांचे हात-पाय, काही जणांचे जीव वाचले असतील. पण वाचलेली मेहनत त्यांना परत मिळाली नाही. ज्याचा स्वतःच्या हातांवर हक्क नाही त्याचं काम यंत्राने हलकं केलं, तर मालक त्याला दुसऱ्या कामाला लावतो. साखर स्वस्तात निघाली, मळे वाढले आणि ऊस तोडायला माणसं लागतच राहिली. आजकाल रिलियूवर लिहिताना त्याला गुलामांचा तारणहार ठरवण्याची घाई दिसते. मला ते पटत नाही. तो मोठा इंजिनिअर होता आणि त्याचे ग्राहक गुलामांचे मालक होते. दोन्ही गोष्टी एकत्रच सांगाव्या लागतात.

शहराने दिलेलं उत्तर

नाव झालं, पैसा आला, पण वातावरण बिघडत गेलं. १८५० च्या दशकात उत्तर आणि दक्षिण यांच्यातला गुलामीचा वाद चिघळला, तशी दक्षिणेत स्वतंत्र मिश्रवंशीय लोकांवरही बंधनं वाढली. परवाने, नोंदणी, संशय. ज्यांच्या आज्या-पणज्यांपासून शहरात घरं होती त्यांना आपण गुलाम नाही हे कागद दाखवून सिद्ध करायची वेळ आली. आपलं घराणं कितीही जुनं असलं तरी कागद मागणाऱ्यापुढे माणूस किती छोटा होतो, हे वेगळं सांगायला नको.

न्यू ऑर्लिन्स दलदलीत वसलेलं शहर. पिवळ्या तापाच्या साथीत माणसं किड्यामुंग्यांसारखी मरायची. रिलियूने शहराचं सांडपाणी काढण्याची योजना आखून दिली. ती नाकारली गेली. फॉर्स्टॉलचं तोवर राजकारणात वजन वाढलेलं होतं आणि नकारामागे त्याचा हात होता, असं सांगितलं जातं.

मार्च १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात निकाल दिला की आफ्रिकी वंशाचा माणूस, मग तो गुलाम असो वा स्वतंत्र, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही. याच सुमारास रिलियूचा एक पेटंट अर्ज तो गुलाम असल्याच्या समजुतीने आधी नाकारला गेला, असाही एक प्रसंग त्याच्या चरित्रात सांगतात. ज्याच्या यंत्राने देशाचा एक अख्खा धंदा बदलला, त्याला तू माणूस आहेस की मालमत्ता हे विचारलं जात होतं.

यादवी युद्धाच्या सुमारास रिलियू अमेरिका सोडून पॅरिसला गेला. पुन्हा तिथे राहायला आला नाही.

उत्तरायुष्य

पॅरिसमध्येही सुख सरळ मिळालं नाही. त्याच्या यंत्राचे नकाशे आधीच चोरून युरोपात पोहोचले होते. ज्यांनी ते नक्कल केले त्यांना मागचं तत्त्व नीट कळलं नव्हतं. बीटच्या रसासाठी बनवलेली ती यंत्रं धड चालेनात आणि दोष मात्र रिलियूच्या नावावर. कारखानदारांचा विश्वास उडाला.

मग त्याने साखरेकडे पाठच फिरवली आणि काहीतरी वेगळंच हाती घेतलं, प्राचीन इजिप्तची चित्रलिपी. शांपोल्योंने ही लिपी उलगडून तेव्हा काही दशकं झाली होती. रिलियूने तिच्या अभ्यासात वर्षानुवर्षं घालवली. १८८० मध्ये लुईझियानातला एक मोठा मळेवाला पॅरिसला त्याला भेटला, तेव्हा वृद्ध रिलियू राष्ट्रीय ग्रंथालयात चित्रलिपी वाचत बसलेला होता.

पण साखर सुटली नव्हती. १८८१ मध्ये, पंचाहत्तरीत, त्याने बीटच्या रसासाठी पुन्हा एक पद्धत काढून पेटंट घेतलं. आटवण्याच्या भांड्यांतली वाफ फक्त पुढच्या भांड्याला न देता, तिचा काही भाग काढून घेऊन येणारा थंड रस आधी गरम करायचा. आजच्या कारखान्यात रोज होणारी ही गोष्ट आहे.

८ ऑक्टोबर १८९४ ला पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं. पेर लाशेझ कब्रस्तानात त्याला दफन केलं. दगडावर त्याच्या नावाबरोबर पेशा कोरलेला आहे, सिव्हिल इंजिनिअर, आणि जन्मगाव न्यू ऑर्लिन्स. पत्नी एमिली ककाऊ त्याच्यानंतर अठरा वर्षं जगली.

आज ते यंत्र कुठे आहे

महाराष्ट्रात हे यंत्र पाहायला लांब जावं लागत नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्यानंतर नगर, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याकडे कारखान्यांची रांग लागली. त्या प्रत्येकात उंच उभ्या भांड्यांची एक ओळ असते. रिलियूची भांडी आडवी, रेल्वे इंजिनाच्या बॉयलरसारखी होती. आताची उभी असतात आणि तीनऐवजी चार किंवा पाच असतात. कामगार त्यांना सरळ क्वाड किंवा क्विंट म्हणतात. तिथून पाक व्हॅक्यूम पॅनमध्ये जातो, दाणा धरतो, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी वेगळी होते आणि शेवटी गरम हवेत साखर सुकते. वाचलेल्या चिपाडावर अनेक कारखाने वीज बनवून विकतात. इंधनाची ही शिल्लक आटवण्याच्या ओळीतून येते.

दूध पावडरच्या कारखान्यातही आधी हीच ओळ. दुधातला घन भाग पंचेचाळीस-पन्नास टक्क्यांपर्यंत जाईस्तोवर पाणी याच पद्धतीने काढतात आणि मगच ते गरम हवेत फवारून पावडर करतात. कारण फवारून सुकवताना त्याच एक किलो पाण्याला कितीतरी पट जास्त उष्णता लागते. जेवढं पाणी वाफेची वाफ वापरून स्वस्तात काढता येईल तेवढं काढायचं आणि उरलेल्यालाच महागडी हवा द्यायची. कागद, मीठ, कॉस्टिक सोडा, औषधं, सगळीकडे हाच हिशोब.

रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांतली माणसं आखातात नोकरीला आहेत. तिथल्या नळाचं पाणी मोठ्या प्रमाणात समुद्राचं असतं, मीठ काढलेलं. जुबैल आणि अमिरातीतल्या काही प्रकल्पांत ते काम अशाच एकापुढे एक लावलेल्या भांड्यांत चालतं. साखर कारखान्यात पाक ठेवून पाणी सोडायचं असतं, इथे खारा भाग सोडून पाणी ठेवायचं असतं.

मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी, १९३४ मध्ये, जगभरच्या साखर उद्योगाने वर्गणी काढून लुईझियानाच्या राज्य संग्रहालयात रिलियूचा ब्राँझचा फलक बसवला. त्या काळी त्याच शहरात ट्रामपासून शाळेपर्यंत काळ्या लोकांच्या जागा वेगळ्या होत्या. २००२ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीने त्याच्या शोधाला ऐतिहासिक टप्प्याचा दर्जा दिला आणि तो समारंभ न्यू ऑर्लिन्सच्या डिलर्ड विद्यापीठात झाला. हे विद्यापीठ गुलामीतून सुटलेल्यांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थांमधून उभं राहिलेलं. २००४ मध्ये त्याचं नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान यादीत गेलं.